पुसला तरी आठ दिवसांत परत येणारा बुटांवरचा पांढरा थर

तक्रार साधारण अशी असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कपाट उघडलं, तर काळ्या बुटांवर पांढरट-हिरवट भुकटी. ओल्या फडक्यानं पुसली, वरून पॉलिश मारलं, बूट चकाकले. पुढच्या शनिवारी बघावं तर टाचेच्या शिवणीपाशी आणि नाडीच्या भोकांभोवती तीच भुकटी पुन्हा हजर. परत पुसलं, परत पॉलिश. सप्टेंबरपर्यंत हे चार-पाच वेळा झालं की कातडं निस्तेज पडतं, आतला कुबट वास जाता जात नाही आणि चांगला दोन-तीन वर्षं चालला असता असा जोड टाकून दिला जातो.

चिपळूणला वकिली करायला लागून मला चौदा वर्षं झाली. पहिल्या तीन पावसाळ्यांत माझे दोन जोड असेच गेले. मी मूळचा सांगोल्याचा. आमच्याकडे पाऊस इतका बेताचा की चामड्याला भीती असते ती सुकून तडकण्याची. अण्णा दर अमावास्येला ओसरीवर बसून वहाणांना तेल पाजायचे, बोटानं चोळून चोळून. सकाळपर्यंत कातडं ते सगळं पिऊन टाकायचं. तीच सवय घेऊन मी कोकणात आलो. उन्हाळी सुट्टीआधी कोर्टाच्या बुटांना खोबरेल तेल चोळलं, खोक्यात घालून कपाटात ठेवले आणि गावी गेलो. कोर्ट उघडायच्या आदल्या दिवशी खोकं उघडलं तेव्हा बुटांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. सांगोल्याला जे औषध होतं ते इथे बुरशीचं खाद्य झालं होतं.

तीन पावसाळ्यांनी जे समजलं ते आधीच सांगून टाकतो. देशावर चामडं कोरडेपणानं मरतं, कोकणात ओलीनं. बुटांच्या निगेबद्दल जो सल्ला आपल्याला मिळतो तो बहुतेक कोरड्या हवेतला असतो: तेल लावा, क्रीम लावा, कातडं मऊ ठेवा. चिपळूण, दापोली, सावंतवाडी, पणजी इथे जून ते सप्टेंबर तो जसाच्या तसा पाळला तर नुकसान होतं. मुंबई-ठाण्यातही जुलै-ऑगस्टात तेच.

आधी पांढरा कोणता ते ओळखा

पांढरं दिसलं की आपण बुरशी म्हणतो आणि पुसायला लागतो. पण चामड्यावर पांढरं चार कारणांनी येतं, आणि चारही वेळी उपाय निराळा असतो.

बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते. जवळून, उजेडात तिरकं धरून बघितलं तर ती मखमलीसारखी, बारीक केसाळ दिसते. रंग पांढरा, राखाडी किंवा हिरवट. फुंकर मारली की थोडी उडते आणि वास ओळखीचा असतो, पावसाळ्यात बंद खोली उघडल्यावर येतो तो. तिच्या आवडीच्या जागा ठरलेल्या: शिवणी, जिभेची खालची बाजू, नाडीची भोकं, टाचेच्या आतला भाग.

दुसरा पांढरा म्हणजे कातड्यातली चरबी बाहेर येणं. कमावताना चामड्यात तेल-चरबी मुरवलेली असते, शिवाय आपण वरून लावलेलं असतं. हवा थंड झाली की त्यातला घट्ट होणारा भाग वर येऊन गोठतो. हा थर ठिपक्यांचा नसतो, काचेवर वाफ धरावी तसा सगळीकडे सारखा आणि धुरकट असतो. बोट फिरवलं तर किंचित मेणचट लागतं, आणि कुबट वास नसतो. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं हे आपण दर हिवाळ्यात बाटलीत बघतो. बुटावर चोळलेलं तेलही त्याच तापमानाला गोठतं. म्हणून पुण्या-नाशिकला डिसेंबरात बुटांवर पांढरं आलं तर आधी बुरशीवर संशय घेऊ नका, तेलावर घ्या.

तिसरा मिठाचा. घामाचं मीठ आतून बाहेर येतं, किंवा समुद्राच्या पाण्यात बूट भिजलेले असतात. याची ओळख सोपी. भरतीची रेषा वाळूवर उमटते तशी नागमोडी कड दिसते आणि हाताला कणीदार लागते. ओल्या फडक्यानं पूर्ण जाते, बूट सुकला की परत येते.

चौथा अगदी साधा: जुनं पॉलिश. घड्यांमध्ये, नक्षीच्या भोकांमध्ये, सोलच्या कडेच्या शिवणीत पॉलिश साठून सुकतं आणि पांढरट होऊन तडकतं. नखानं खरवडलं की खपली निघते.

शंका असेल तर केस वाळवायचं यंत्र वीतभर अंतरावरून अर्धा मिनिट फिरवा. चरबी असेल तर वितळून कातड्यात शिरते आणि थर डोळ्यांदेखत नाहीसा होतो. बुरशी आणि मीठ तसंच राहतं. मग त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. मीठ विरघळतं, बुरशी नुसती ओली होते.

बुरशी सोडून बाकी तिघांचं काम लवकर आटपतं. चरबीला तशीच थोडी ऊब द्यायची, मऊ फडक्यानं पुसायचं आणि पुढचे काही महिने तेलाची बाटली लांब ठेवायची. मिठाला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म करून त्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून पुसायचं. फक्त डागापुरतं पुसू नका, शिवणीपासून शिवणीपर्यंत तो संपूर्ण तुकडा पुसा, नाहीतर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर नवी रेषा उमटते. साठलेलं पॉलिश जुन्या दातघासणीच्या ब्रशनं कोरडंच काढा. फार जाड थर असेल तर फडक्याला किंचित टर्पेंटाइन लावून काढा, आणि पुढच्या वेळी पॉलिश निम्मं घ्या. आता बुरशीकडे वळू.

पुसूनही परत का येते

चिपळूणला स्टँडजवळ एक वयस्कर गटई कामगार बसायचे. त्यांच्याकडे मी ते तेल पाजलेले बूट घेऊन गेलो आणि म्हटलं, काका, जरा जोरदार पॉलिश मारा. त्यांनी बूट हातात घेतला, आत दोन बोटं घातली, जिभेखाली फिरवली आणि बूट मला परत दिला. म्हणाले, "वकीलसाहेब, याला पॉलिश नको, याला वारा द्या. आत ओल आहे. वरनं झाकलं तर आतनं सडेल." त्या दिवशी पॉलिशचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्यांचं म्हणणं मी नंतर समजून घेतलं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते घालवणं कुणाच्या हातात नाही. त्यांना वाढायला खाणं आणि ओल लागते. खाणं चामड्यात आहेच: चरबी, तेल, घाम, मळ, अस्तराची खळ. उरली ओल. हवेतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते त्यातली किती टक्के आहे ते, ६० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी जवळजवळ वाढत नाही. ७० च्या वर गेली की तिला सोयीचं होतं. जुलैत कोकणात ती दिवसेंदिवस ८५-९० च्या खाली येत नाही. म्हणजे तुम्ही पुसलेली भुकटी म्हणजे झाडाचा वरचा शेंडा. मुळं शिवणीत, अस्तरात, सुखतळ्याखाली जिवंत आहेत आणि हवा त्यांना पाणी घालते आहे. त्यात तुम्ही ओल्या फडक्यानं पुसता, म्हणजे आणखी ओल. वरून मेणाचं पॉलिश लावता, म्हणजे आतली ओल बाहेर पडायची वाट अडवता.

घरातली हवा किती ओली आहे हे मोजायला छोटं आर्द्रतामापक मिळतं, काही शे रुपयांत. पण ते नसलं तरी स्वयंपाकघरात एक मापक आहेच. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. उघड्या वाटीतल्या पिशवीच्या मिठाला पाणी सुटत असेल तर त्या खोलीत बूट सुरक्षित नाहीत, एवढं नक्की समजा.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष जात नाही: ब्रश. ज्या ब्रशनं जूनमध्ये बुरशी झटकली, त्याच ब्रशनं जुलैत चांगले बूट घासतो. ब्रशच्या केसांत बीजाणू, पॉलिश आणि ओल तिन्ही एकत्र असतं. मी बूट साफ करून दमलो, कपाट पुसलं, तरी एका जोडावर बुरशी येतच होती. ब्रश बदलल्यावर ती थांबली. बुरशी झटकायला वेगळा स्वस्त प्लास्टिकचा ब्रश ठेवा. पॉलिशचा ब्रश साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, केस खाली करून, चांगला वाळवूनच परत वापरा. पॉलिशची फडकीही दर पावसाळ्याच्या सुरुवातीला नवीन घ्या. जुन्या सुती बनियनच्या चिंध्या उत्तम.

एकदाच, पण पूर्ण

उघडीप बघून काम घराबाहेर काढा, गॅलरीत किंवा अंगणात. नाकाला रुमाल बांधा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना या कामाच्या जवळ येऊ देऊ नका.

नाड्या काढून गरम साबणाच्या पाण्यात टाका. सुखतळा सुटा असेल तर बाहेर काढा; चिकटवलेला असेल तर कड उचलून खाली बघा. तिथे काळं पडलं असेल तर तो उपटून टाका आणि नवीन बसवा. सुखतळा हा बुटाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त घाम प्यायलेला भाग आहे, त्यावर माया करू नये. मग कोरड्या ब्रशनं सगळं झटका: जीभ उलटी करून, शिवणी, सोलची कड, आत पंजापर्यंत.

आता मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. त्यात तितकंच पाणी घाला. पूर्ण तीव्रतेचं थेट लावायचा मोह होतो, पण त्यानं रंग आणि वरची चकाकी उतरते. आधी जिभेच्या खालच्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून बघा. फडक्यावर थोडा रंग येणं चालतं. कातड्याचा पोत बदलला किंवा ठिपका फिका पडला तर तिथेच थांबा आणि त्या बुटांना नुसतं कोरडं झटकणं आणि वाळवणं एवढंच करा. मऊ उलट्या कातड्याच्या म्हणजे स्वेडच्या बुटांनाही कोरडा ब्रश आणि वारा एवढंच. ठिपका ठीक राहिला तर फडकं भिजवून, पिळून, बूट बाहेरून आणि आतून पुसा. ओतायचं नाही. फडक्याची घडी सारखी बदलत राहा, नाहीतर एका जागची बुरशी दुसरीकडे नेऊन लावाल. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा आसपास निरांजन, गॅस, सिगारेट काही नको.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून लोक तो गाळतात: वाळवणं. बूट आडवे, कुशीवर ठेवा, म्हणजे सोललाही हवा लागेल. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पण ठासून नको. पहिले बोळे दोन तासांनी बदला, पुढचे रात्री. पांढरं किंवा फिकं अस्तर असेल तर कागदाची शाई लागते, तिथे जुना टॉवेल भरा. वर पंखा चालू ठेवा. दोन दिवस हे करायचंच.

बूट खरंच वाळले की नाही हे हातानं कळत नाही. पावसाळ्यात सगळंच थंड आणि दमट लागतं. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरतो. माझा उजवा बूट फेब्रुवारीत ५१० ग्रॅम भरतो. पावसातून आल्यावर तो ५६० च्या वर जातो. सकाळ-संध्याकाळ वजन करायचं. सलग दोनदा तेच वजन आलं की त्या हवेत तो जितका वाळायचा तितका वाळला. आपल्या बुटांचं कोरडं वजन हिवाळ्यात एकदा करून सोलच्या कमानीखाली पेनानं लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

घाई करून गॅसजवळ, हीटरसमोर किंवा इस्त्रीखाली बूट वाळवू नका. ओलं चामडं तापलं की आकसतं आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. झाडांच्या सालींनी कमावलेलं कातडं ओलं असताना ७०-८० अंशांच्या आसपासच आकसायला लागतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं त्याहून जास्त सोसतं. कातडं उकळून सरस, म्हणजे चिकटवायचा गोंद, करतात हे लक्षात ठेवलं की पुरे. शेगडीजवळ ठेवलेल्या ओल्या बुटाचं त्याच दिशेनं काहीतरी होत असतं. माझा दुसरा जोड असाच गेला. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती, म्हणून रात्री चुलीच्या उबेला ठेवला. सकाळी पंजाची घडी लाकडासारखी कडक होती आणि महिन्याभरात ती तिथेच फुटली. ऊन? नाड्या आणि सुखतळा कडक उन्हात टाका. बुटांना तासाभराचं कोवळं ऊन चालेल, दिवसभराचं नको, रंग उडतो.

आठ दिवसांनी स्पिरिटचं पुसणं पुन्हा एकदा करा, डाग दिसो न दिसो. पहिल्या वेळी शिवणीत जे वाचलं ते या वेळी जातं. ही दुसरी फेरी केली नाही तर बाकीची सगळी मेहनत अर्धी राहते.

पॉलिश या सगळ्यानंतर. आणि पावसाळ्यात डबीतलं मेणाचं पॉलिशच, अगदी पातळ, बोटाला गुंडाळलेल्या फडक्यावर नखाएवढं घेऊन. मेण पाणी अडवतं आणि तेलाइतकं बुरशीला मानवत नाही. दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग ब्रश. स्पंज लावलेली पातळ पॉलिशची बाटली मी तरी वापरत नाही. तिच्यानं पाच मिनिटांत चमक येते हे खरं, पण ती चमक कातड्याची नसते, वर बसलेल्या पातळ पापुद्र्याची असते. तो घडीवर तडकतो आणि खालच्या ओलीला कोंडतो. क्रीम पॉलिश चांगलं, पण त्याची वेळ हिवाळ्यात.

बुरशी जुनी असेल तर ती गेल्यावरही कातड्यात काळपट-हिरवट छटा राहते. तो डाग आहे, जिवंत बुरशी नाही. रंगाचं क्रीम लावून तो बराच झाकतो. त्याला घालवायला लिंबू, ब्लीच, खाण्याचा सोडा यांच्या नादी लागू नका. ब्लीच कातडं खातं. सोडा आम्लधर्मी चामड्याच्या उलट स्वभावाचा, त्यानं सालीवर कमावलेलं कातडं काळवंडतं.

कपाट बदलल्याशिवाय बूट बदलू नका

स्वच्छ झालेले बूट परत त्याच कपाटात गेले तर पुढचा शनिवार ठरलेला आहे. चिपळूणच्या माझ्या भाड्याच्या घरात कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं होतं. त्या भिंतीवर बाहेरून चार महिने पाऊस आपटायचा. कपाट चार बोटं पुढे ओढलं, मागे हवा खेळायला लागली आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला. त्याआधी आतली फळी स्पिरिटच्या फडक्यानं पुसली आणि दोन दिवस दार उघडं ठेवून पंखा लावला.

खोकं नको. पुठ्ठा ओल धरतो आणि त्याची खळ बुरशीला आवडते. प्लास्टिकची पिशवी त्याहून वाईट. जुना सुती उशीचा अभ्रा सगळ्यात बरा, धूळ लागत नाही आणि हवाही लागते.

पूर्वी ज्यांच्याकडे कॅमेरे असत ते लोक भिंगांना बुरशी लागू नये म्हणून कपाटात शून्याचा बल्ब लावून ठेवत. तोच उपाय बुटांना लागू पडतो, आणि माझ्या अनुभवात इतका खात्रीचा दुसरा कुठलाही नाही. नाव शून्याचा असलं तरी तो जुना तारेचा बल्ब बारा-पंधरा वॅट खातो आणि त्यातली बहुतेक वीज ऊब होऊन बाहेर पडते. कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश गरम राहिली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप उतरते. एलईडीचा चालत नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्ब कपड्यांपासून, कागदापासून आणि बुटांपासून हातभर लांब हवा, भोवती जाळी हवी आणि वायर चांगली हवी. ही काळजी घेता येत नसेल तर बल्ब लावूच नका.

त्याऐवजी सिलिका जेल घ्या, पण औषधाच्या डबीतल्या दोन पुड्या बुटात टाकून काही होत नाही. बंद झाकणाच्या डब्यात दोन जोडांमागे पाव किलो तरी लागतं, आणि त्याचा रंग बदलला की साधारण १२० अंशांना भट्टीत तापवून ते परत कोरडं करावं लागतं. उघड्या कपाटात ते फुकट जातं. अख्ख्या कोकणाची हवा ते वाळवू शकत नाही. डांबरगोळ्या कसरीला पळवतात, बुरशीला नाही, उलट तो वास चामड्यात वर्षभर राहतो. कोळशानं वास कमी होतो. तांदूळ ठेवू नका, किडे येतात.

आणि एक जोड रोज घालू नका. दिवसभराचा घाम कातड्यातून निघायला पुरता एक दिवस लागतो, पावसाळ्यात दोन. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोन्ही मिळून दुप्पटीहून जास्त टिकतात. ज्यांना परवडत नाही त्यांना माझा सल्ला असा की जून ते सप्टेंबर रस्त्यावर चामडं घालूच नका. मी प्लास्टिकच्या सँडलवर कोर्टापर्यंत जातो, बूट पिशवीत नेतो आणि बार रूममध्ये पाय पुसून घालतो. सुरुवातीला संकोच वाटायचा. आता आमच्याकडे निम्मे वकील तेच करतात.

ओल्या बुटांचा त्रास फक्त बुटांना होत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर ती वेगळी बुरशी, माणसाच्या कातडीवर वाढणारी. पण ती बुटात आणि मोज्यात टिकून राहते आणि बरी झालेली चिखली परत आणते. मलम लावताना बूटही आतून साफ करा, आणि आठवड्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर आठवडाही थांबू नका.

पुराच्या पाण्यातले बूट

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या खालच्या खणातले सगळे बूट-चपला चिखलात गेल्या. पुष्कळ लोकांनी त्या तशाच उन्हात टाकल्या. चिखल सुकून कातड्याच्या रंध्रांत बसला आणि त्याच्याबरोबर कातडंही तडकलं. असं झालं तर उलटं करायचं: चिखल सुकू देऊ नका, बूट ओले असतानाच स्वच्छ पाण्यानं आतून-बाहेरून धुवा. पाणी चामड्याला मारत नाही, पाण्यानंतरची घाई मारते. मग बोळे, पंखा आणि पाच-सहा दिवस सावली. पूर्ण सुकायच्या थोडं आधी, कातडं अजून किंचित गार लागत असताना, पातळसं क्रीम लावलं तर ते कडक होत नाही. पावसाळ्यात क्रीम लावायची ही एकच वेळ मला माहीत आहे. पुराचं पाणी गटाराचंही असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि सुखतळे सरळ फेकून द्या.

दोन गोष्टी मात्र कशानंच बऱ्या होत नाहीत. वर्षानुवर्षं न वापरलेल्या ट्रेकिंगच्या बुटांचा सोल पहिल्याच गडावर खरवसासारखा तुटून पडतो, तो पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असतो. हवेतली ओल त्याचे रेणू तोडत असते, बूट कपाटात नुसता पडून असला तरी. वरचं कातडं चांगलं असेल तर रबरी सोल बसवून घ्या. आणि ज्या बुटाच्या वरचे कागदासारखे पोपडे निघतात, ते वरचं आवरण चामड्याचं नव्हतंच. पॉलिशचा खर्च करू नका.

तेल कधी

तेल वाईट नाही, त्याची वेळ चुकते. कोकणात दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागते. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत एकदा किंवा दोनदा क्रीम किंवा तेल, तेही कातडं जेवढं पिईल तेवढंच. अर्ध्या तासानं बोटाला चिकट लागलं तर जास्त झालं, पुसून काढा. मे महिन्यात तेलाची बाटली बंद, फक्त साफसफाई, वाळवणं आणि मेणाचे दोन पातळ हात. सांगोला, माण, जत भागात राहणाऱ्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये, त्यांनी तेल पाजत राहावं.

कोल्हापुरी वहाणांना हा नियम आणखी कडक लागतो. त्यांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं असतं, वर रंगाचा जाड थर नसतो, म्हणून तेल पटकन पितं आणि पाणीही पटकन पितं. स्पिरिटनं त्यांच्यावर डाग पडतो. त्यांना कोरडा ब्रश, वारा आणि सुती पिशवी, बाकी काही नको; जून लागायच्या आत त्या वर उचलून ठेवायच्या.

अण्णांच्या वहाणांचा एक जोड आता माझ्याकडे आहे, बल्बच्या कपाटात वरच्या फळीवर. तिथलं मापक भर पावसात ५८ दाखवतं. ऑगस्टात दर रविवारी मी त्या खाली काढतो, अंगठा उलटून शिवण उजेडात धरून बघतो आणि परत ठेवतो. तेल त्यांना अमावास्येलाच लावतो, फक्त कार्तिक ते पौष.